बार्जच्या पत्र्यांची गाइडेड अल्ट्रासॉनिक तपासणी: एक अनुभव

मांडवीतील आमच्या जुन्या बार्जचे पत्रे खाऱ्या पाण्याने कितपत खाल्ले आहेत, हे पाहण्यासाठी आम्ही यंदा गाइडेड अल्ट्रासॉनिक तपासणीची, म्हणजे कानाला ऐकू न येणारे ध्वनितरंग पत्र्यातून दूरवर सोडून केलेल्या तपासणीची, सेवा घेतली. जाडीमापकाने एकेक ठिपका मोजावा लागतो. येथे मात्र ब्रिटिश गणितज्ञ होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये गणिताने मांडलेले तरंग पत्र्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये बांधले जाऊन दूरवर जातात आणि गंज किंवा तडा आडवा आल्यास त्यांचा काही अंश परततो. सगळा रंग खरवडावा लागला नाही, ही मोठीच सोय. तथापि तरंगांचा वेग वारंवारतेनुसार बदलत असल्याने आणि वेल्डचे प्रतिध्वनीही त्यात मिसळत असल्याने परतलेल्या तरंगांचा आलेख वाचणारा मुरलेलाच हवा. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञाने आतून जोडलेली आधारपट्टीच गंज म्हणून नोंदवली. उरलेली नेमकी जाडी शेवटी जाडीमापकानेच मोजली.