७.१ की ५.१.२: शेवटचे दोन स्पीकर कुठे लावायचे?

होम थिएटरसाठी सात चॅनलचा रिसीव्हर (सात स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र) घ्यायचं ठरलं की समोरचे तीन, बाजूचे दोन आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) यांच्या जागांबद्दल फारसा वाद उरत नाही. घोळ होतो तो उरलेल्या दोन स्पीकरांचा. ते सोफ्याच्या मागे लावले तर ७.१, छताला लावले तर ५.१.२. यात पहिला आकडा बसणाऱ्याभोवतीच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा असलाच तर वरच्या स्पीकरांचा. रिसीव्हर तोच, स्पीकरांची संख्याही तीच, पण खोलीत बसल्यावर येणारा अनुभव फार वेगळा.

आधी सोफा कुठे आहे ते पाहा. तो मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा विचार सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टीव्हीची दिशा शून्य अंश धरली तर ७.१ मध्ये बाजूचे स्पीकर ९० ते ११० अंशांवर आणि मागचे १३५ ते १५० अंशांवर हवेत. त्यासाठी पाठीमागे निदान तीन-चार फूट मोकळी जागा लागते. ती नसली की मागचे स्पीकर थेट कानांशी येतात, बाजूच्यांशी त्यांचा आवाज मिसळतो आणि दोन जास्तीचे स्पीकर लावूनही ऐकू येतं ते ५.१ च.

खोली लांब असेल, सोफा मधोमध असेल किंवा आसनांच्या दोन रांगा असतील, तर मात्र ७.१ खरोखर खुलतं. ५.१ मध्ये बाजू आणि पाठ ही दोन्ही कामं ११० ते १२० अंशांवरच्या एकाच जोडीला करावी लागतात, त्यामुळे पुढून मागे जाणारी गाडी मध्येच उडी मारल्यासारखी वाटते. मागची जोडी आली की तोच प्रवास सलग ऐकू येतो.

तरीही बहुतेक खोल्यांसाठी मी ५.१.२ च सुचवेन. एक कारण आपल्या कानांचं आहे. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण चटकन ओळखतो. पण तो नेमका बाजूने आला की थोडा मागून, यात कान सहज फसतात. मागच्या जोडीने पडणारा फरक म्हणूनच सूक्ष्म असतो. डोक्यावरून येणारा पाऊस किंवा हेलिकॉप्टर मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही लगेच जाणवतं. दुसरं कारण म्हणजे उपलब्ध साहित्य. डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरून येणारे आवाजही असलेलं ध्वनितंत्र, २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आलं, आणि आज स्ट्रीमिंगवरही ते भरपूर मिळतं. निव्वळ ७.१ मिश्रण मुख्यतः ब्लू-रे डिस्कवर सापडतं. शिवाय जुना ५.१ चित्रपट लावला, तरी रिसीव्हरमधला अपमिक्सर (कमी चॅनलचा आवाज जास्त स्पीकरांत वाटून देणारी सोय) वातावरणाचे आवाज वरच्या जोडीकडे वळवू शकतो.

छताला लावायची जोडी बसण्याच्या जागेच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असावी. छताला भोक पाडणं शक्य नसेल तर आवाज वर फेकून छतावरून परतवणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट, कठीण आणि साधारण ८ ते १२ फूट उंचीचं छत लागतं. उतरतं छत किंवा आवाज शोषणारं फॉल्स सीलिंग असेल तर त्यांवर पैसे घालू नका.

या दोन स्पीकरांपायी सेंटर स्पीकरचं, म्हणजे समोरच्या तिघांतल्या मधल्याचं, बजेट कापलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. चित्रपटातले बहुतेक संवाद त्या एकाच स्पीकरमधून येतात. तो समोरच्या डाव्या-उजव्यांच्याच मालिकेतला घ्या. मागचे किंवा वरचे स्पीकर लहान असले तरी चालतं, कारण ८० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर (खर्ज सबवूफरकडे वळवण्याची सीमा) ठेवला की खालचा खर्ज सबवूफर सांभाळतो.

काही सात चॅनलच्या रिसीव्हरना दोन्ही जोड्या जोडता येतात, पण एका वेळी एकच वाजते. दोन्ही एकदम हव्या असतील तर नऊ चॅनलचा रिसीव्हर लागेल. तेव्हाही पाठीमागे पुरेशी जागा नसेल तर ७.१.२ पेक्षा छताला चार स्पीकर लावून ५.१.४ करणं मला जास्त पटतं. भिंतींचं काम अजून व्हायचं असेल, तर निर्णय काहीही असो, मागच्या आणि छतावरच्या दोन्ही जागांपर्यंत पाइप टाकून वायर आत्ताच ओढून घ्या.