एअर रायफल भरण्यासाठी हातपंप की हवेची टाकी?

दहा मीटर एअर रायफलचा सराव सुरू करताना कोणती रायफल घ्यावी यावर घरोघरी भरपूर चर्चा होते. परंतु तिच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाची हवा कशाने भरायची, हा विचार बहुतेक पालक रायफल घरी आल्यावरच करतात. माझ्या मुलीच्या रायफलीसाठी मी आधी दोन वर्षे हातपंप वापरला आणि गेली तीन वर्षे डायव्हिंगची, म्हणजे पाणबुड्यांना श्वासासाठी लागणाऱ्या दाबाच्या हवेची टाकी वापरतो आहे. पुढील मत नाशिकमधल्या एका घराच्या अनुभवावरून बनलेले आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

हातपंपाचा मोठा गुण म्हणजे स्वावलंबन. दोन-तीन किलोंची ती वस्तू खाटेखाली राहते, तिला टाकीसारखी दाब-परीक्षणाची तारीख नसते आणि रविवारी पहाटे गेजचा काटा खाली दिसला तरी कोणाच्या दुकानाचे शटर उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. श्रम होतात, हे खरे आहे. शेवटचे तीस बार भरताना माझा ६४ किलोंचा सगळा भार मुठीवर टाकावा लागे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला १५० बारच्या पुढे पंप दाबताच येत नसे. पंप मारल्यानंतर लगेच नेम धरला तर नाडीचे ठोके रायफलीच्या दस्त्यावर जाणवतात, अशीही तक्रार ऐकू येते. पण आदल्या रात्री भरून ठेवले की तो प्रश्न उरत नाही. एवढ्यासाठी मी पंप सोडला नसता.

पंप सुटला तो पाण्यामुळे. पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, आणि पंप हीच हवा ओढून घेतो. पंचवीस अंशांच्या अशा दमट हवेच्या एका घनमीटरात सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. सिलिंडर २०० घनसेंटीमीटरचे धरले, तर ते १०० वरून २०० बारपर्यंत नेण्यासाठी जवळपास २० लिटर मोकळी हवा आत कोंबावी लागते. म्हणजे एका भरणीमागे आठ-दहा थेंब पाणी होईल एवढे बाष्प पंपात शिरते. त्यातले बरेचसे निचऱ्याच्या स्क्रूवाटे बाहेर फेकले जाते, काही सिलिका जेल शोषून घेते. पण उरलेले किती आणि ते कोठे गेले, हे बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुलीच्या गोळ्या खाली उतरू लागल्या. आडव्या दिशेत गोळ्यांच्या छिद्रांचा गट घट्ट होता, उभ्या दिशेत मात्र तो ताणला जाई. दहा मीटरच्या लक्ष्यावर दोन गुणरेषांमध्ये केवळ अडीच मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे गोळीचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी १०.४ गुणांचा नेम ९.७ वर येतो. मी तिला श्वासाबद्दल टोकले, ट्रिगरबद्दल टोकले, पेलेटचा डबा बदलला, आणि तीन आठवडे ती स्वतःचेच तंत्र बिघडले असे समजून तेच ते घोटत राहिली. अखेर रायफल दुरुस्तीला दिली, तेव्हा सिलिंडरच्या तोंडाशी पांढरट भुकटी साचलेली निघाली आणि रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखा दाब देणाऱ्या भागात, ओल सापडली. पाणी हेच एकमेव कारण होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंगही त्याच वेळी बदलल्या होत्या. तथापि दोष मुलीचा की रायफलीचा, हे ओळखता न येणे मला कोणत्याही श्रमापेक्षा जड गेले.

टाकीत श्वसनासाठीची, गाळून कोरडी केलेली हवा असते, आणि माझ्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरला. तिचे तोटेही लहान नाहीत. रिकामी टाकीसुद्धा चौदा-पंधरा किलोंची भरते, ती गाडीत लोळू न देता न्यावी लागते, आणि परीक्षणाची मुदत उलटली असेल तर जबाबदार माणूस ती भरून देत नाही, देऊही नये. सुदैवाने अंबडच्या बाजूला श्वसनयंत्रांच्या टाक्या भरून देणारे एक व्यावसायिक मला भेटले, अन्यथा कसारा घाट उतरणे आले असते. भरणाऱ्याला कॉम्प्रेसरचे फिल्टर शेवटचे कधी बदलले, हे न संकोचता विचारावे. तेथे हयगय असेल तर टाकी आणि पंप यांत फरक राहत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे तर चुकूनही वळू नये, कारण उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो.

टाकी घेताना दाबाचा हिशेब मात्र आधी करावा. सहज मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची आणि २०७ बारची असते. तिच्यातून रायफल १०० वरून पूर्ण २०० बारपर्यंत ढोबळमानाने चारच वेळा भरते, त्यानंतर प्रत्येक भरणी थोडी कमी होत जाते. दहा लिटरची ३०० बारची टाकी मिळाली तर त्याच हिशेबाने पन्नासच्या आसपास पूर्ण भरण्या होतात. माझी पहिली टाकी २०७ बारची होती, आणि सिलिंडर १६० बारवर भरले तरी साठ गोळ्यांचा सामना निर्धास्त पार पडत असे; पण जोडणीचे आटे जुळत असतील तर ३०० बारचीच घ्यावी, असे मी सुचवेन. कोणत्याही टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडावा. घाईने भरलेली हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि सिलिंडर निवल्यावर तो खाली येतो.

इगतपुरी किंवा पेठकडच्या घराला टाकी भरायला शहरात येणे परवडत नसेल, तर पंप घेण्यात चूक नाही. त्यांनी सुकवणीची नळी जोडावी, सिलिका जेलचा रंग पालटताच ते बदलावे, पन्नास-साठ झटक्यांनंतर पंप निवू द्यावा आणि प्रत्येक वेळी निचरा करावा. आमचा पंपही मी विकलेला नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना तो सोबत असतो, परंतु जून ते सप्टेंबर तो पिशवीतून बाहेर निघत नाही.