आयकर पोर्टल आणि गोव्याचं जोडपं: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

पगार आणि बचत खात्याचं व्याज, एवढंच उत्पन्न असलेल्या अविवाहित माणसाला आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल आता फारसा त्रास देत नाही. माहिती आधीच भरलेली येते, अर्ध्या तासात विवरणपत्र जातं. गोव्यातल्या लग्न झालेल्या माणसाचं गणित वेगळं आहे. पुढचा अनुभव गोव्यातल्या अशा जोडप्यांच्याच कामाचा, आणि तो मूल्यांकन वर्ष २०२५-२६ च्या (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाच्या) पूर्ण हंगामाचा आहे: जुलैमध्ये फॉर्म येण्यापासून परतावे अडकून दुरुस्तीचे अर्ज जाईपर्यंत. एकट्या माणसासाठी पाचपैकी साडेतीन तारे, गोव्याच्या जोडप्यासाठी दीड. तो दीडसुद्धा फॉर्मचे रकाने मुळात बरोबर आखलेत म्हणून.

कारण आहे कलम ५ए. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे गोव्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरतात. ते धरून १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ साली हे कलम घातलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू केलं. पगार सोडून बाकीचं सगळं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं आणि प्रत्येकाने आपल्या वाट्यावर कर भरायचा. मुदतठेव कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. हा ऐच्छिक फायदाही नाही, कायदाच आहे. मात्र पर्वरीत फ्लॅट घेतला म्हणून पुण्याच्या जोडप्याला तो लागू होत नाही. लग्न कुठल्या कायद्याखाली येतं ते पाहावं लागतं, आणि हा प्रश्न सीएपेक्षा वकिलाला विचारलेला बरा.

पहिली ठेच फॉर्म निवडतानाच लागते. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे दोन्ही सोपे फॉर्म ५ए खाली उत्पन्न वाटणाऱ्यांना चालत नाहीत. नवऱ्याला पगार आणि लाखभर व्याज, बायकोला काहीच नाही, अशा साध्या घरातही दोघांना आयटीआर-२ लागतो. धंदा असेल तर आयटीआर-३. पोर्टलवरचा ‘कुठला फॉर्म भरू’ हा मदतनीस पगाराचा आकडा बघून आयटीआर-१ सुचवतो आणि माणूस तो भरून मोकळा होतो.

छोट्या धंदेवाल्याचे हाल आणखी वाईट. म्हापशाच्या बाजारातला दुकानदार कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवतो. इतर राज्यांत त्याचं काम आयटीआर-४ वर होतं. इथे त्याला आयटीआर-३ उघडावा लागतो. घाबरू नका, त्यात सगळा ताळेबंद लागत नाही. नफा-तोट्याच्या भागात ४४एडीची जागा आहे, आणि ताळेबंदाच्या भागात अगदी शेवटी ‘हिशेबवह्या ठेवल्या नाहीत’ असा छोटा चौकोन आहे: येणी, देणी, शिल्लक माल आणि रोख. एवढं भरलं की पुरतं. पण तिथे पोहोचेपर्यंत जी पानं ओलांडावी लागतात ती बघून बहुतेक जण सीएला फोन लावतात, आणि सीए आयटीआर-४ पेक्षा जास्त फी घेतो. त्यात त्याची चूक नाही.

त्यात हे मोठे फॉर्म उशिरा येतात. २०२५ साली आयटीआर-१ आणि ४ जूनच्या सुरुवातीलाच पोर्टलवर होते. आयटीआर-२ आणि ३ ची एक्सेल युटिलिटी (संगणकावर उतरवून भरायचा फॉर्म) जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली, ऑनलाइन फॉर्म त्याच्याही नंतर. मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि अखेरच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. मध्ये चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. घरातली सगळी माणसं गावच्या घरी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधण्यात असताना ओटीपी विचारणार कोणाला? पुढच्या हंगामात मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. कागद जूनमध्येच जमवा आणि फॉर्म आल्यावर पहिल्या पंधरवड्यात भरून टाका.

आता मुख्य दुखणं: टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर.

उदाहरण घेऊ. नवऱ्याला नऊ लाख पगार. त्याच्या नावच्या ठेवींवर १,८०,००० व्याज, बँकेने १० टक्क्यांनी १८,००० कापले. फोंड्यातला एक फ्लॅट महिना २०,००० भाड्याने दिलाय. वर्षाचे २,४०,०००, त्यातून भरलेली ४,००० घरपट्टी वजा, उरलेल्यावर ३० टक्के म्हणजे ७०,८०० वजावट, निव्वळ १,६५,२००. बायकोच्या नावच्या ठेवीवर ६०,००० व्याज, त्यावर ६,००० कापले. वाटणीनंतर बायकोचं उत्पन्न असं: घरभाड्याचे ८२,६००, नवऱ्याच्या व्याजातले ९०,०००, स्वतःच्या व्याजातले ३०,०००. एकूण २,०२,६००, म्हणजे कर शून्य. तिच्या वाट्याचा टीडीएस ९,००० अधिक ३,०००, असे १२,००० तिला परत मिळायला हवेत.

हे पोर्टलला सांगायला तीन जागा भराव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी आपोआप जुळत नाहीत.

पहिली, सर्वसाधारण माहितीत ‘पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का’ हा प्रश्न. इथे ‘होय’ केल्याशिवाय पुढचं काही उघडत नाही. दुसरी, परिशिष्ट ५ए. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन, आणि उत्पन्नाच्या प्रत्येक प्रकारासमोर चार आकडे: मिळालेली रक्कम, जोडीदाराकडे गेलेला वाटा, कापलेला टीडीएस, त्यातला जोडीदाराचा वाटा. वरच्या उदाहरणात नवऱ्याच्या फॉर्ममध्ये ‘इतर उत्पन्न’समोर १,८०,०००, ९०,०००, १८,०००, ९,०००. बायकोच्या फॉर्ममध्ये ६०,०००, ३०,०००, ६,०००, ३,०००. हे भरलं म्हणजे एकूण उत्पन्न आपसूक निम्मं झालं, असं धरू नका. शेवटी एकूण उत्पन्नाच्या तक्त्यात जाऊन प्रत्येक प्रकारासमोर आपल्या वाट्याचाच आकडा आलाय का ते कागदावरच्या हिशेबाशी ताडून बघा. बहुतेक घोळ इथेच सापडतात: एक तर उत्पन्न पूर्ण राहतं, नाहीतर दोनदा निम्मं होतं.

तिसरी जागा टीडीएसचं परिशिष्ट, आणि सर्वांत जास्त परतावे इथे अडकतात. आधीच भरून आलेल्या ओळीत बँकेचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि १८,००० हे पूर्णच्या पूर्ण ‘स्वतःसाठी दावा’ या रकान्यात बसलेले असतात. ते खोडून नवऱ्याने स्वतःकडे ९,००० ठेवायचे, शेजारच्या ‘कलम ५ए नुसार जोडीदाराकडे’ या रकान्यात उत्पन्न ९०,०००, टीडीएस ९,००० आणि बायकोचा पॅन लिहायचा. बायकोच्या फॉर्ममध्ये ही ओळ येतच नाही, कारण तिच्या पॅनवर ती कपातच नाही. तिने नवी ओळ जोडायची, ‘दुसऱ्या व्यक्तीशी संबंधित’ हा पर्याय निवडायचा, नवऱ्याचा पॅन आणि बँकेचा तोच टॅन टाकायचा, ‘जोडीदाराच्या नावे कापलेला’ या रकान्यात ९,००० आणि दावाही ९,०००. तिच्या ६,००० ची ओळ याच पद्धतीने उलट. एका बाजूने पूर्ण दावा राहिला की दुसऱ्या बाजूचं क्रेडिट सीपीसी, म्हणजे विवरणपत्रं तपासणारं खात्याचं केंद्र, कापते. नोटीस येते ती भलत्याच माणसाला: चूक नवऱ्याच्या फॉर्ममध्ये, मागणी बायकोच्या नावावर.

टॅनचं एक अक्षर किंवा एक रुपया इकडे-तिकडे झाला तरी जुळणी बिघडते. म्हणून विषम रकमेत, समजा १७,९९९ मध्ये, एकाने ९,००० आणि दुसऱ्याने ८,९९९ हे आधीच ठरवा. दोघांचे फॉर्म एकाच तक्त्यावरून, एकाच बसणीत भरा. ज्याच्या पॅनवर जास्त कपात आहे त्याचा आधी पाठवा. दोन्ही लॉगिन एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये चालवू नका, पहिलं सत्र तुटतं. एक क्रोममध्ये, दुसरं फायरफॉक्समध्ये. दर पान झालं की जतन करा. पावसात वीज गेली की राउटर गेला, आणि पोर्टल थोडा वेळ हात थांबला तरी बाहेर काढतं. ऑनलाइनपेक्षा खात्याची ऑफलाइन युटिलिटी बरी: निवांत भरता येतं, जेसन फाइल सांभाळून ठेवता येते, नेट फक्त शेवटी लागतं.

कागदावर याला आणखी सरळ वाट आहे. नियम ३७बीए(२) प्रमाणे ठेवीदाराने बँकेला घोषणापत्र दिलं तर बँकेने टीडीएसचा तेवढा भाग जोडीदाराच्या पॅनवर दाखवायचा असतो. शाखेत हे पत्र घेऊन गेलात की समोरचा बहुधा १५जीचा फॉर्म (टीडीएस कापूच नका असं सांगणारा) पुढे करतो. तरीही देऊन पोच घ्या, पुढे कामाला येते.

एआयएस, म्हणजे पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचं खात्याकडचं वार्षिक विवरण, हे दुसरं प्रकरण. त्यात पॅनवरचं पूर्ण व्याज दिसतं, ५ए त्याच्या गावी नाही. विवरणपत्रात निम्मं दाखवलं की फरकाचा मेसेज येऊ शकतो. एआयएसमध्ये त्या ओळीवर प्रतिसाद देताना ‘माहिती नाकारतो’ निवडू नका, कारण माहिती खोटी नाही. ‘माहिती पूर्ण बरोबर नाही’ किंवा ‘दुसऱ्या पॅनची आहे’ यातला लागू पडणारा पर्याय घ्या. उलट बाजूही ध्यानात असू द्या: गावच्या पतसंस्थेचं व्याज एआयएसमध्ये अनेकदा दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते करमुक्त ठरत नाही. तेही निम्मं-निम्मं दाखवायचंच.

शेअरवाल्यांना मात्र इथे फायदा आहे आणि तो फार जणांना ठाऊक नाही. नवऱ्याच्या डिमॅटमध्ये दोन लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला, तर वाटणीनंतर दोघांकडे लाख-लाख. १,२५,००० ची सूट दोघांना स्वतंत्र, कर शून्य. या हंगामात २३ जुलै २०२४ आधीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे दाखवायचे होते, त्यामुळे वाटणी प्रत्येक व्यवहारापासून करावी लागते. नुसती बेरीज निम्मी करून भागत नाही.

ई-पडताळणी सोपी, पण मुदत ३० दिवसांचीच. नवरा बोटीवर असेल आणि आधारला जोडलेलं सिम पेटीत बंद असेल तर ओटीपी येणार नाही. त्याने निघण्यापूर्वी नेट बँकिंग किंवा आधीच प्रमाणित केलेल्या बँक खात्यातून ईव्हीसी (पडताळणीचा कोड) मिळतो का ते बघून ठेवावं. काहीच जमलं नाही तर आयटीआर-व्ही (विवरणपत्राची पोच) वर सही करून स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या सीपीसीला, पिन ५६०५००. परताव्याचं खातंही आधी प्रमाणित करा. बंद पडलेल्या सहकारी बँकेचं जुनं खातं, किंवा लग्नाआधीच्या नावावरचं खातं आणि लग्नानंतरच्या नावाचा पॅन, ही परतावा परत जाण्याची नेहमीची कारणं.

क्रेडिट कापलं गेलंच तर आधी चूक कोणाची ते ठरवा. आपल्याच फॉर्ममध्ये रकाना चुकला असेल तर दुरुस्ती-अर्जाच्या नादी लागू नका, मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र भरा, आणि तेही गरज असेल तर दोघांचं. फॉर्म बरोबर असूनही सीपीसीने कापलं असेल तर कलम १५४ खालच्या दुरुस्ती-अर्जात ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’ हा पर्याय निवडा. नुसतं ‘पुन्हा प्रक्रिया करा’ म्हटलं तर तोच निकाल पुन्हा हातात पडण्याची शक्यता जास्त. हेल्पलाइनवरची माणसं सौजन्याने बोलतात, पण ‘सेक्शन फाइव्ह ए’ म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. ई-निवारणवर (पोर्टलवरच्या तक्रार विभागात) लिहिलेलं बरं: पोच क्रमांक मिळतो, आणि दोघांचे पॅन, दोन्ही पोच क्रमांक, टॅन व रक्कम चार ओळींत मांडता येते.

बायकोचं उत्पन्न मर्यादेखाली आहे म्हणून तिचं विवरणपत्रच भरलं नाही, हे गोव्यात सर्रास चालतं. मग तिच्या वाट्याचा टीडीएस तसाच पडून राहतो. ३१ डिसेंबर ही उशिराच्या विवरणपत्राची मुदत उलटल्यावर आयटीआर-यू (मुदतीनंतरचं अद्ययावत विवरणपत्र) भरून तो मिळत नाही, कारण आयटीआर-यू मधून परतावा मागता येत नाही. उरतो तो कलम ११९(२)(बी) खालचा विलंब माफीचा अर्ज. मूल्यांकन वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. त्याला विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता), बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याच्या विवरणपत्राची परिशिष्ट ५ए असलेली प्रत जोडा. नवऱ्याने त्या वर्षी पूर्ण टीडीएस स्वतःच घेतला असेल, तर अर्ज करण्यात अर्थ नाही.