मेव्हन सोडून ग्रेडल: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेव्हन आणि ग्रेडल ही दोन्ही बिल्ड टूल्स: कोड कंपाइल करून, टेस्ट चालवून, लागणाऱ्या लायब्ऱ्या जोडून प्रोग्राम तयार करणारी. आमचा प्रकल्प जावाचा, वीसेक मॉड्यूलचा, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर उभा. मेव्हनवरचा बिल्ड कधी अडला नाही, पण वेळ फार खायचा. एक ओळ बदलली तरी सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. स्प्रिंग बूटच्या टीमने स्वतःचा बिल्ड २०२० मध्ये, २.३ आवृत्तीच्या वेळी, ग्रेडलवर नेला तो याच वेळेपायी. आम्हीही तीच वाट धरली.

वेग खरोखर वाढला. ग्रेडल प्रत्येक टास्कचे इनपुट-आउटपुट लक्षात ठेवतो; काही बदललं नसेल तर तो टास्क चालवतच नाही, टेस्टसुद्धा नाही. मेथडच्या आतला कोड बदलला आणि बाहेरून दिसणारी सिग्नेचर तीच राहिली, तर त्या मॉड्यूलवर अवलंबून असलेली मॉड्यूल पुन्हा कंपाइल होत नाहीत. बिल्ड कॅश, म्हणजे आधीच्या बिल्डच्या निकालांचा साठा, मात्र मुळात बंद असते, ती आपण चालू करायची. ती सीआय (कोड आला की आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) आणि टीम यांच्यात सामाईक ठेवली की सीआयवर झालेलं काम आपल्या लॅपटॉपवर आयतं मिळतं.

आता ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात ते सांगतो. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर डिपेन्डन्सींच्या, म्हणजे प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ऱ्यांच्या, झाडात मुळाच्या जास्त जवळची आवृत्ती मेव्हन घेतो. अंतर सारखंच असेल तर आधी लिहिलेली. ग्रेडल सरळ सर्वांत वरची आवृत्ती उचलतो. म्हणजे एकही आकडा न बदलता केवळ टूल बदललं, तरी वेगळ्या लायब्ऱ्या प्रॉडक्शनवर जाऊ शकतात! शिवाय मेव्हनमध्ये ‘डिपेन्डन्सी मॅनेजमेंट’ या भागात लिहिलेली आवृत्ती आडवाटेने, दुसऱ्या लायब्ररीमार्फत, येणाऱ्या लायब्ररीलाही बांधून ठेवते. ग्रेडलचा ‘प्लॅटफॉर्म’, म्हणजे आवृत्त्यांची सामाईक यादी, फक्त शिफारस करतो; कुणी वरची मागितली तर वरचीच मिळते. सक्ती हवी असेल तर ‘एन्फोर्स्ड प्लॅटफॉर्म’ लिहावं लागतं. म्हणून माझा आग्रह: दोन्ही बिल्ड काही काळ शेजारी चालू ठेवा, दोन्हींकडून डिपेन्डन्सींच्या याद्या काढा, ओळीला ओळ लावून तपासा, आणि प्रत्येक फरकाचं कारण कळल्याशिवाय मेव्हनची पॉम फाइल (बिल्डचं वर्णन असलेली) काढून टाकू नका.

मेव्हनचा ताठरपणा मला आता जास्त मोलाचा वाटतो. पॉमचं एक्सएमएल लांबलचक असतं खरं, पण कुठल्याही कंपनीतून आलेला माणूस ते पहिल्या दिवशी वाचू शकतो. ग्रेडलची स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामच. त्यात कुणीही काहीही लिहू शकतं, आणि लिहितंही. आम्ही नियम केला: मॉड्यूलच्या फाइलमध्ये फक्त प्लगिन आणि डिपेन्डन्सी, बाकीचं सगळं सामाईक कन्व्हेन्शन प्लगिनमध्ये (सगळ्या मॉड्यूलना लागू होणारे आमचे नियम), कॉटलिन भाषेत लिहिलेलं. आणि ते सांभाळायला एक ठरलेला माणूस. असा माणूस टीममध्ये नसेल तर ग्रेडल घेऊच नका, वेग कितीही खुणावला तरी.

मेमरीचंही बघा. ग्रेडलचा डीमन, म्हणजे मागे चालू राहणारी प्रोसेस, काम संपल्यावरही तीन तास बसून राहतो, आणि आयडीई (कोड लिहायचा एडिटर) व टर्मिनल यांचे जेडीके (जावाचा टूल-संच) वेगळे असतील तर दोन डीमन होतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हे जड जातं; दोन्हीकडे जेडीके एकच ठेवा. मोठ्या आवृत्तीत जुन्या गोष्टी काढूनही टाकतात: ७.० मध्ये डिपेन्डन्सी लिहिताना वापरायचं ‘कंपाइल’ गेलं आणि त्याजागी ‘इम्प्लिमेंटेशन’ वापरणं भाग पडलं. नऊपासून ग्रेडल चालवायलाच जावा १७ लागतो. त्यामुळे अपग्रेडसाठी वेळ धरूनच ठेवावा लागतो. डेप्रिकेशनच्या (‘हे लवकरच काढणार’ अशा) सूचना दिसल्या की त्याच आठवड्यात निपटाव्यात, साचू देऊ नयेत.

अँड्रॉइडवाल्यांना हा प्रश्नच नाही, तिथे ग्रेडल ठरलेलाच. आमचा मोठा प्रकल्प आता ग्रेडलवरच राहील. दोन-तीन मॉड्यूलच्या लहान सर्व्हिस मात्र मेव्हनवर आहेत; त्यांचा बिल्ड मुळात छोटा, तिथे वाचणारा वेळ स्थलांतराच्या श्रमाइतकाही नाही. त्या हलवायचा आमचा विचार नाही.