दोन दिवसांचा रायफल वर्ग की आठवड्याला एक तास?

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, दोन दिवसांच्या वर्गाच्या शेवटच्या फेरीत माझं डावं कोपर सोलवटलं होतं, मान आखडली होती आणि टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, शनिवार सकाळपेक्षा मोठा पडत होता. तरीही त्या दोन दिवसांत जे उमगलं, ते आधीचे पाच महिने दर गुरुवारी तासभर जाऊनही उमगलं नव्हतं. आणि ते गुरुवार नसते तर हे दोन दिवस वाया गेले असते, हेही तितकंच खरं. म्हणून आता कुणी ‘कुठला वर्ग लावू’ असं विचारलं की मी आधी एकच उलटा प्रश्न करतो: वर्ग संपल्यावरच्या महिन्यात तुम्हाला रेंजवर जायला मिळणार आहे का?

तुलना करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दोन्हीकडे ‘रायफल’च शिकवतात, पण बहुतेक ठिकाणी शिकवलं जातं ते वेगवेगळं. आठवड्याच्या वर्गात सहसा १० मीटरची एअर रायफल असते, ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि उभं राहून नेम. शनिवार-रविवारच्या वर्गात बहुधा पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या काडतुसाची रायफल) हातात देतात, अंतर २५ किंवा ५० मीटर, आणि बराचसा वेळ तुम्ही चटईवर पालथे असता. त्यामुळे प्रश्न नुसता ‘सलग की थोडं थोडं’ एवढाच नाही. तुमचं शरीर कुठल्या स्थितीत शिकणार आहे, हाही आहे.

सलग दोन दिवसांचा खरा फायदा म्हणजे कारण शोधायला वेळ मिळतो. आठवड्याच्या तासात पंधरा मिनिटं जॅकेट, पट्टे, जागा लावण्यात जातात, शेवटची दहा आवराआवरीत. मधल्या वेळात प्रशिक्षक तुमच्यामागे दोनदा येतो आणि ‘चाप झटक्याने ओढू नका’ एवढं सांगून पुढे जातो. चूक कळते, मूळ कळत नाही. दोन दिवसांच्या वर्गात मात्र पाच गोळ्या झाडायच्या, उठून टार्गेटपाशी जायचं, ग्रुप बघायचा, परत येऊन एकच गोष्ट बदलायची, पुन्हा पाच. हे दिवसभर. भोकं वरखाली पसरली असतील तर बहुधा श्वासाचा घोळ, आडवी पसरली असतील तर शरीर बळेच लक्ष्याकडे वळवलेलं. ग्रुप घट्ट आहे पण कोपऱ्यात पडतोय? मग तुमचं काहीच चुकत नाहीये, फक्त साईट (नळीवरची नेम धरायची खूण) फिरवा. ही शेवटची गोष्ट ऐकायला सोपी आहे, पण नवखा माणूस अर्धा दिवस उगाच स्वतःला दुरुस्त करत बसतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर सगळा खर्च एका गोष्टीने वसूल झाला: शरीराचा नैसर्गिक रोख. पालथं पडून रायफल लक्ष्यावर धरायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साईट सरकलेली दिसली तर याचा अर्थ आतापर्यंत ती स्नायूंच्या जोरावर तिथे धरून ठेवली होती. हाताने ढकलून ती परत आणायची नाही. डावं कोपर जागेवर खुंटीसारखं ठेवून कंबर आणि पाय इंचभर हलवायचे (डावखुऱ्यांनी उलटं). गुरुवारी हे मला तीन वेळा सांगून झालं होतं. पण सांगणं आणि सलग वीस वेळा करून बघणं यात फरक आहे. विसाव्या वेळी कंबर आपोआप हलली.

दुसरी गोष्ट म्हणजे दचकणं. आवाजाची आणि धक्क्याची धास्ती बसली की चाप सुटण्याच्या क्षणाआधीच खांदा पुढे जातो. स्वतःला ते कधी जाणवत नाही. त्यावरचा जुना उपाय असा की सोबत्याने तुमच्या नकळत अधूनमधून बिनबारुदाचं काडतूस भरायचं. चाप दाबला, आवाज झाला नाही, आणि नळीचं टोक मात्र खाली डुचकलं! सगळ्यांसमोर हसं होतं, पण रोग पकडला जातो. पॉइंट टू-टूला धक्का नगण्य असतो, म्हणून नवख्यांसाठी तीच बरी. एखादा दोन दिवसांचा वर्ग पहिल्याच दिवशी मोठ्या काडतुसाच्या रायफली हातात देणार असेल तर मी तिकडे फिरकणार नाही. तिथे दचकणं शिकवून घरी पाठवतात.

मग साप्ताहिक वर्ग कशाला?

कारण रविवारी जमलेलं शुक्रवारपर्यंत निसटतं. सलग रेटून केलेल्या सरावाने त्या दिवशीची कामगिरी झपाट्याने सुधारते, पण दिवसांच्या अंतराने केलेला सराव जास्त टिकतो, हे हातापायांच्या बहुतेक कसबांना लागू आहे. नेमबाजीत त्यात थकव्याची भर. शनिवारी सकाळच्या पन्नास गोळ्या आणि रविवारी दुपारच्या पन्नास गोळ्या यांची किंमत सारखी नसते. थकलेल्या शरीराला तडजोडीच्या सवयी लागतात: गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, चष्म्याआडून डोळा चोरून बघतो. दोन दिवसांत तीन-चारशे गोळ्या झाडल्या हा आकडा सांगायला छान वाटतो. त्यातल्या शेवटच्या शंभर मी आज असतो तर झाडल्या नसत्या.

शिवाय १० मीटरची एअर रायफल दिसते तितकी बाळबोध नाही. टार्गेटवरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छर्र्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, एवढाच दिलासा. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि ती उभ्याने पेलायची. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो, म्हणजे पॉइंट टू-टूच्या गोळीच्या निम्म्याच वेगाने. चाप दाबल्यावर तो नळीत जास्त वेळ रेंगाळतो, आणि तेवढ्यात तुम्ही डोकं उचललंत की नेम गेला. दाबल्यानंतरही क्षणभर तसंच थांबून राहायची सवय एअर रायफल मुकाट्याने लावते, आणि ती पुढे कुठल्याही रायफलीवर कामाला येते. पालथ्या स्थितीत पट्टा आणि जमीन तुमचे पुष्कळ दोष झाकतात, उभ्याने ते उघडे पडतात.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्हींपैकी कुठल्याच वर्गाला सरस ठरवू नये. भरलेलीच आहे असं समजून प्रत्येक रायफल हाताळणं, तोंड कायम सुरक्षित दिशेला, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे याची खात्री, हे दोन्हीकडे पहिल्या अर्ध्या तासात व्हायलाच हवं. फरक पडतो तो गर्दीत. मोठ्या वर्गात दर काही मिनिटांनी सगळे उठून टार्गेटपर्यंत जातात. त्या वेळी प्रत्येक रायफलीचा बोल्ट (काडतूस भरताना मागे ओढायची खिट्टी) उघडा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, रंगीत झेंडी दिसली पाहिजे, आणि माणसं पुढे असताना कुणीही मागे रायफलीला हात लावता कामा नये. नोंदणीआधी जाऊन तासभर बघायची परवानगी मागा आणि नेमकं हेच बघा. प्रशिक्षक या बाबतीत थट्टा खपवून घेत असेल तर बाकीची गुणवत्ता विचारातही घेऊ नका.

गर्दीतला आणखी एक धोका जिवाचा नाही, गुणांचा आहे: शेजारच्याच्या टार्गेटवर गोळी मारणं. नवखेच करतात असं वाटत असेल तर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स आठवा. ५० मीटर तीन स्थितींच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं) अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. शेवटची गोळी भलत्याच लेनच्या टार्गेटवर गेली, त्या गोळीचे शून्य गुण आणि आठवा क्रमांक. प्रत्येक गोळीआधी आपल्या लेनचा आकडा वाचायची सवय मला त्या वर्गात लागली, तीही एकदा शेजारणीचं टार्गेट भोसकल्यावर.

आता निवड. कधीच रायफल हातात धरली नसेल आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी काढता येत असेल, तर साप्ताहिक वर्गच लावा. ‘आधी दोन दिवस करून बघू, आवडलं तर पुढचं’ हा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही. नवख्याला चुकांची नावंच माहीत नसतात, त्यामुळे दोन दिवसांत त्याच्यावर माहितीचा नुसता मारा होतो. तीन-चार महिने झाले, गुण एका जागी अडकले आणि का ते कळेनासं झालं की दोन दिवसांचा वर्ग करा. तेव्हा तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

अपवाद आहे. जवळ रेंज नाही, कामाच्या पाळ्या बदलत्या आहेत, आठवड्याचं गणित जमतच नाही, अशांना दोन दिवसांशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी वर्ग कोरड्या सरावासाठी करावा, म्हणजे गोळ्यांच्या संख्येपेक्षा घरी बिनगोळीने काय करायचं ते शिकून यावं. स्वतःची परवान्याची रायफल असेल तर रिकाम्या रायफलीने रोज दहा मिनिटं स्थिती आणि चाप यांवर काम होतं. मात्र काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात हवीत आणि तोंड भक्कम भिंतीकडे. पॉइंट टू-टूच्या कित्येक रायफलींत रिकामा चाप ओढला की पिन चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून आधी माहितीपुस्तिका बघा किंवा नकली काडतूस वापरा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारायचं ते थोडंच. एका प्रशिक्षकामागे माणसं किती? चार-पाच असतील तर उत्तम, दहाच्या वर गेली तर तुम्ही फक्त गोळ्या झाडून परत याल. रायफल ते देणार की तुमची लागेल, आणि तुमची असेल तर परवाना व वाहतुकीचे तिथले नियम काय? साध्या साईटवर शिकवतात की दुर्बिणीवर? चाळिशी लागलेल्यांना पुढची साईट स्पष्ट दिसणं हाच मोठा प्रश्न असतो, त्यांनी चष्म्याचा विषय आधीच काढावा. तुमचा कुठला डोळा वरचढ आहे, म्हणजे नेम धरताना मेंदू कुठल्या डोळ्यावर भिस्त ठेवतो, हे ते तपासतात का, हेही विचारा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा वरचढ असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि ते रविवारी दुपारी कळलं तर हळहळ होते.

कानाचं संरक्षण आणि सुरक्षा चष्मा ते देतील, पण कोपरांसाठी जाड बाह्यांचा शर्ट तुमचा तुम्ही न्या. शिसं हाताला लागतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा. आणि आपले सगळे कागदी टार्गेट तारीख-वेळ घालून घरी आणा. माझे अजून फाइलमध्ये आहेत. शनिवार सकाळचा अकरा वाजताचा तो कागद मी आजही गुरुवारी निघताना एकदा बघून घेतो.