कॅनन १०० एमएम मॅक्रो: ३० सेंटीमीटर नेमके कुठून मोजायचे?

गेला पावसाळा आणि हिवाळा कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो आयएस कॅमेऱ्यावरून फारशी उतरलीच नाही. लेन्स २००९ सालची, पण शार्पनेसला आजही तोड नाही. लिहायचंय ते अंतराबद्दल, कारण मॅक्रो, म्हणजे छोट्या गोष्टी अगदी जवळून टिपणारी लेन्स घेताना सगळ्यात जास्त गोंधळ त्याच आकड्याचा होतो.

हिचं मिनिमम फोकस डिस्टन्स, म्हणजे फोकस होऊ शकेल असं सगळ्यात कमी अंतर, ३० सेंटीमीटर. हे अंतर लेन्सच्या पुढच्या काचेपासून नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या अंगाला आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं, ती सेन्सरची जागा. तिथून बॉडीची जाडी आणि १२ सेंटीमीटरची लेन्स वजा केली की काच आणि किडा यांच्यात उरतात जेमतेम १३ सेंटीमीटर. हूड (लेन्सच्या तोंडावरचं उन्हाचं झाकण) लावलात तर त्यातलाही मोठा वाटा गेला. म्हणून अगदी जवळून काढताना मी हूड काढूनच ठेवतो.

आकडा लहान म्हणजे फोटो मोठा, असंही नाही. कॅननची १८-५५ एसटीएम किट लेन्स २५ सेंटीमीटरवर फोकस होते, तरी तिचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर वस्तू किती मोठी उमटते ते, ०.३६ पटच. ही ३० सेंटीमीटरवर १:१ देते, म्हणजे किडा जेवढा असेल तेवढाच सेन्सरवर उमटतो.

आमच्या कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. अंडं पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर. १:१ वरही ते फ्रेममध्ये ठिपक्याएवढंच दिसतं. त्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावावी लागते, आणि मग समोरची जागा आणखी आक्रसते. अळीला मात्र ही लेन्स एकदम योग्य. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काच फार जवळ नेताना फांदी हलली, की डोक्यामागून लालभडक शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटो झकास येतो, पण बिचारीला उगाच त्रास. ६० एमएम मॅक्रोने हेच करायचं तर काचेपुढे ९ सेंटीमीटरच्या आसपासच उरतात, आणि लेन्सची सावलीही अळीवर पडते. उडी मारणारे कोळी तर तेवढ्या जवळ थांबतच नाहीत.

१:१ वर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/८ ठेवलं तरी फोकसमध्ये असते जेमतेम १ मिलिमीटर जाडी. ऑटोफोकस तिथे पुढे-मागे शोधत बसतो. मी रिंग सगळ्यात जवळच्या टोकाला फिरवून मॅन्युअलवर ठेवतो आणि श्वास रोखून स्वतःच किंचित पुढे-मागे होतो. डोळे शार्प दिसले की क्लिक. लांबचं काढताना आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, छान साथ देतं, १:१ वर त्याचा जोर निम्म्यावर येतो. पानं वाऱ्याने हलत असतील तर त्याचा काहीच उपयोग नाही, तिथे डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅशच हवा.

फक्त फुलं, दागिने किंवा नाणी काढायची असतील तर ६० एमएम पुरे, पैसेही वाचतील. जिवंत किडे काढायचे असतील तर १०० एमएमच्या खाली जाऊ नका. दुकानात लेन्स लावून रिंग जवळच्या टोकाला फिरवा, पुढ्यात नाणं ठेवा आणि काचेपासून नाण्यापर्यंतची जागा पट्टीने मोजून बघा.