कडेला संदर्भ असलेलं पवित्र शास्त्र : वर्षभर वापरल्यावर

हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी घेतलं त्याच आठवड्यात वेतनवाढ रोखल्याचं पत्र माझ्या हातात पडलं होतं. एका सहकाऱ्याने मी तपासून सही केलेल्या कागदांमागची बिलं नंतर बदलली होती. तो नोकरी सोडून गेला, सही माझी होती, ठपका माझ्यावर आला. घरात जुनी प्रत होतीच, पण तिच्यात संदर्भ, म्हणजे वचनाशेजारी त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या वचनांचे आकडे, नव्हते. दुसऱ्याने केलेलं मी का भोगायचं, हे मला शास्त्रातच शोधायचं होतं.

आधी उणीव सांगते, कारण पहिल्याच दिवशी ती नडली. मागच्या विषयसूचीत ‘अन्याय’ हा शब्दच नाही. ‘दुःख’ आहे, पण त्याखाली सगळी वचनं एकगठ्ठा. आपल्या चुकीने ओढवलेलं दुःख कोणतं आणि दुसऱ्याच्या चुकीचं कोणतं, हे सूचीवरून कळत नाही. अन्याय झालेला माणूस नेमकं तेच शोधत असतो. येशूचा शिष्य पेत्र याने मात्र आपल्या पहिल्या पत्रात तो फरक सरळ केला आहे (१ पेत्र २:२०) : चूक करून मार खाल्ला तर त्यात मोठेपणा कसला? चांगलं करून सोसलं, तर ते देवाला पसंत आहे. हे तो सांगतो आहे चाकरांना, ज्यांना धन्याचा राग विनाकारण सोसावा लागत होता. म्हणून ते मला सुखवस्तू माणसाचा उपदेश वाटलं नाही.

त्याच्या पुढच्याच वचनात ‘कित्ता’ हा शब्द आहे. ख्रिस्ताने आपल्यासाठी दुःख भोगून कित्ता घालून दिला. लहानपणी बाईंनी वहीच्या वरच्या ओळीत काढून दिलेलं वळणदार अक्षर, आणि खाली आपण थरथरत गिरवलेलं. मूळ ग्रीकमधला ‘हुपोग्राम्मोस’ हाही गिरवायला दिलेल्या अक्षरांसाठीचाच शब्द. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. वरची ओळ त्याची, खालची माझी. माझ्या सोसण्याने कोणाचं पाप फिटणार नाही. ते त्याने स्वतः वधस्तंभावर वाहिलं, हे चोविसावं वचन सांगतं. मला फक्त गिरवायचं आहे. हे उमगलं त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

या आवृत्तीची खरी किंमत कडेच्या बारीक अक्षरांत आहे. तेविसाव्या वचनाशेजारी यशया ५३:७ दिलं आहे, वधायला नेलेल्या मुक्या कोकराचं. तेवढंच वाचून थांबले असते तर गप्प बसणं म्हणजेच ख्रिस्ती सोसणं, असा समज करून घेतला असता. मंडळीतल्या एक-दोघांनी तसंच सुचवलंही होतं. पण संदर्भामागे संदर्भ काढत मी योहान १८:२३ वर पोहोचले. तिथे थोबाडीत मारणाऱ्याला येशू विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? मग प्रेषितांची कृत्ये १६:३७. फटके मारून तुरुंगात टाकलेल्या प्रेषित पौलाला आणि त्याच्या सोबत्याला अधिकारी सकाळी गुपचूप सोडायला निघाले, तर पौल म्हणतो, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. खोट्या आरोपावरून कैदेत पडलेला योसेफही, सुटणार असलेल्या राजाच्या प्यालेबरदाराला विनवतो, माझी आठवण ठेव, मी इथे काहीच केलेलं नाही (उत्पत्ती ४०:१४-१५). प्यालेबरदार विसरतो आणि पुढे दोन वर्षं जातात. ती दोन वर्षं शास्त्रात अर्ध्या वाक्यात उरकली आहेत. मी मात्र त्या अर्ध्या वाक्यापाशी खूप दिवस थांबले.

मी अपील लिहिलं. त्यात त्या सहकाऱ्याबद्दल जे घडलं तेवढंच लिहिलं, मनातलं विष उतरवलं नाही. पहिल्या मसुद्यात ते होतं. तेविसावं वचन पुन्हा वाचून मी तीन ओळी खोडल्या : त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवलं.

बाकी थोडक्यात. वचनांचा टाइप मोठा आणि सुबक आहे, पण कडेचे आकडे चाळिशी लावूनही कष्टाने दिसतात. कागद फार पातळ आहे. पेनने खूण केली की शाई मागच्या पानावर उमटते, तेव्हा पेन्सिलच वापरा. शिवण भक्कम आहे, वर्षभरात एक पानही सुटलेलं नाही. खुणेची रेशमी दोरी एकच आहे, निदान दोन हव्या होत्या. संदर्भ नुसते आकड्यांत आहेत, कशासाठी दिले ते सांगत नाहीत. घाईत वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. ज्याच्याकडे रात्री जागून पानं उलटायचं कारण आहे त्याने ही आवृत्ती जरूर घ्यावी.

अपिलाचा निकाल अजून आलेला नाही. दोरी पेत्राच्या पत्रातच आहे आणि दुसऱ्या अध्यायाचं पान कोपऱ्याशी मऊ पडलं आहे.